पोषाखाचे छायाचित्र : शोभा आणि साक्ष

नाट्यप्रयोगाच्या सर्व अंगांत पोषाख हे अंग सर्वांत लवकर नाहीसे होणारे आहे. संहिता छापली जाते. पदांच्या चाली ध्वनिमुद्रिकांत आणि गायकांच्या कंठांत टिकतात. अभिनयाची निदान वर्णने तरी स्मरणग्रंथांतून शिल्लक राहतात. पोषाख मात्र घामाने विरतो, पेटाऱ्यात कसरीच्या तोंडी जातो, किंवा पुढल्या नाटकासाठी उसवून त्याचे काठ दुसऱ्या वस्त्राला लावले जातात. तो तयार करणाऱ्याच्या हाती उरते ते केवळ त्याचे छायाचित्र. नाट्येतिहासाचा अभ्यासक याच छायाचित्राकडे वळतो, आणि आपले काम दाखवून पुढील काम मिळवू पाहणारा वेषकारही त्यालाच आपल्या पोर्टफोलिओत स्थान देतो. पहिल्याची गरज विद्येची आणि दुसऱ्याची पोटापाण्याची, म्हणून या दोन गरजा परस्परांपासून दूर आहेत असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः दोघांचा प्रश्न एकच आहे : हे चित्र त्या वस्त्राविषयी खरी साक्ष देते की केवळ त्याची शोभा वाढवते?

मराठी रंगभूमीपुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचा विचार बालगंधर्वांच्या छायाचित्रांपासून सुरू करणे सोयीचे आहे. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू इत्यादी भूमिकांतील छायाचित्रे घरोघर पोचली, आणि त्यांच्या नेसण्याचे व केशरचनेचे अनुकरण कुलीन स्त्रियांनी केले, हे सर्वश्रुत आहे. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने शालू, पैठण्या व अलंकार यांवर केलेला खर्चही तितकाच प्रसिद्ध आहे. एवढ्या खर्चाचा आणि एवढ्या कारागिरीचा विषय असलेल्या या छायाचित्रांतून त्या पोषाखांविषयी निश्चित असे किती कळते, हे मात्र क्वचितच कोणी विचारले आहे. शांतपणे पाहता उत्तर फारसे समाधानकारक येत नाही.

पहिली अडचण उभे राहण्याच्या पद्धतीची. त्या काळच्या स्टुडिओत पात्र रंगविलेल्या पडद्यासमोर, बहुधा समोरून किंवा किंचित तिरपे, एखाद्या तिवईवर हात टेकून उभे केले जाई. चेहरा, गळ्यातील अलंकार आणि पदराचा खांद्यावरील भाग यांवर सर्व भर असे. नऊवारी साडीचे मर्म मात्र पुढून जेवढे दिसते तेवढेच मागूनही पाहावे लागते. ओचा आणि निऱ्या पुढे, तर काष्टा मागे. चालताना, वळताना, बसताना या दोन बाजूंचा जो मेळ पडतो त्यातच नेसण्याचे कौशल्य असते. पाठमोऱ्या बाजूचे छायाचित्र काढण्याची कल्पनाच त्या स्टुडिओस मानवणारी नव्हती, कारण छायाचित्र नटाचे होते, साडीचे नव्हते. यात छायाचित्रकाराचा दोष काढण्याचे कारण नाही. त्याला पैसे ज्या कामाचे मिळत ते त्याने चोख केले. दोष आहे तो त्या चित्रांना आज वेषभूषेचा पुरावा म्हणून बिनदिक्कत उभे करणाऱ्यांचा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि ती रंगाची. आरंभीच्या छायाचित्रणाच्या काचा केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशाला जाग्या होत. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास ती हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देते असे दाखविले, आणि त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा निघाल्या. तांबड्या प्रकाशाला मात्र त्याही आंधळ्याच राहिल्या. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या खऱ्या, परंतु स्टुडिओंच्या नित्याच्या वापरात त्या रुळण्यास बराच काळ लागला. याचा परिणाम असा की, त्या काळच्या चित्रांत तांबडा रंग काळा येतो, निळा रंग पांढुरका येतो, आणि जुन्या काचांवर हळदीसारखा पिवळाही गडद होतो. कपाळावरील कुंकू जुन्या चित्रांत काजळाच्या ठिपक्यासारखे दिसते ते याच कारणाने. मग गर्द तांबडा शालू आणि काळी चंद्रकळा या चित्रात शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांतील फरक केवळ पोत आणि काठ यांवरून ओळखावा लागेल. फिकट आकाशी साडी आणि शुभ्र साडी यांत तर तेवढाही आधार राहणार नाही.

हा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ (१९११) या नाटकात वेष हाच कथानकाचा कणा आहे. संपत्तीचा अभिमान बाळगणारी भामिनी वनमालेच्या साध्या वेषात धैर्यधरासमोर येते, आणि नाटकाचा सारा पेच त्या वेषांतरावर उभा राहतो. भामिनीचे वैभव आणि वनमालेचे साधेपण यांतील अंतर प्रेक्षकाला डोळ्यांनी कळावे लागते. ते अंतर रंगाने साधले होते, वस्त्राच्या जातीने, की नेसण्याच्या ढबीने, हे ठरविल्याशिवाय त्या प्रयोगाच्या वेषभूषेसंबंधी काही समीक्षा करताच येत नाही. ज्या चित्रात तांबडे आणि काळे एकच होतात त्या चित्रावरून हा निर्णय करणे म्हणजे अंधारात रत्नपारख करण्यासारखे आहे. पुष्कळ जुन्या चित्रांवर नंतर हाताने रंग भरले गेले, पण त्यांनी हा प्रश्न सुटत नाही, उलट बिघडतो. रंग भरणाऱ्याने मूळ वस्त्र पाहिले असेलच असे नाही. बाजारात खपेल तो रंग त्याने भरला. साध्या चित्राचे मौन निदान प्रामाणिक असते.

२०११ साली रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटातील वेषभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या कामाचे सौंदर्य मान्य करूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. अशा प्रकारच्या पुनर्निर्मितीत रंगांच्या बाबतीत प्रत्येक निवड हा वेषकाराचा निर्णय असतो, छायाचित्राची नक्कल नव्हे. असा निर्णय कलेला शोभतो; पण पुढील पिढीने तो चित्रपट पाहून मूळ नाटकाचा रंग हाच होता असे मानले, तर एका कल्पनेचा इतिहास होईल. तसे होऊ नये यासाठी वेषकाराच्या संचिकेत छायाचित्राशेजारी त्या निर्णयाची कारणे असणे हाच एक उपाय संभवतो.

याच सुमारास पॅरिसमध्ये काय चालले होते ते पाहणे येथे उद्बोधक ठरेल. १९११ साली एडवर्ड स्टायकेन याने पॉल प्वारे या वेषकाराच्या पोषाखांची छायाचित्रे ‘आर ए देकोरास्यों’ या नियतकालिकासाठी घेतली, आणि वस्त्राला केवळ मालाप्रमाणे न दाखविता त्याच्या भाववातावरणासह दाखविण्याचा आरंभ म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्या चित्रांत धूसर प्रकाश आहे, कडा विरघळलेल्या आहेत, शिवण कोठे आहे ते शोधूनही सापडत नाही. चित्र म्हणून ती उत्तम आहेत. परंतु प्वारेच्या कारखान्यातील कोण्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने ती पुढे करून ‘हे माझे काम’ असे म्हटले असते, तर पाहणाऱ्याला तिच्या कामाची पारख कशाच्या आधारावर करता आली असती? जे चित्र वेषकाराच्या कीर्तीला पुरेसे होते ते कारागिराच्या प्रमाणपत्राला पुरेसे नव्हते. आजच्या पोर्टफोलिओंतील बहुसंख्य चित्रे स्टायकेनच्या वाटेने जातात, त्याची प्रतिभा नसताना. परिणामी धूसरपणा तेवढा राहतो.

दिआगिलेव्हच्या रशियन बॅलेचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे आणि कदाचित अधिक मोलाचे. लेओन बाक्स्त याने ‘फॉनची दुपार’ (१९१२) या नृत्यासाठी रचलेल्या पोषाखांतील निजिन्स्कीची छायाचित्रे द मेयर याने घेतली आणि ती जगभर वाखाणली गेली. या मंडळीचे शेकडो पोषाख १९६७ नंतरच्या लिलावांतून निरनिराळ्या संग्रहालयांत गेले. कॅनबेरा आणि लंडन येथे ते आज जवळून पाहता येतात. जवळून पाहताना मात्र अनेकांचा हिरमोड होतो. दुरून रत्नजडित भासणारे काठ प्रत्यक्षात साच्याने रंगविलेले, नक्षी चिकटवलेली, कापड पुष्कळदा साधे. हा हिरमोड अज्ञानातून होतो. ते पोषाख हातभर अंतरावरून पाहण्यासाठी नव्हतेच. दिव्यांच्या झोतात, हालत्या देहावर, रंगपीठापासून दूर बसलेल्या प्रेक्षकासाठी ते केले होते, आणि त्या अंतरावर साच्याची नक्षी खऱ्या भरतकामापेक्षा अधिक ठसठशीत दिसते. नाटकाच्या वेषकाराचे कौशल्य या अंतराचा हिशेब करण्यात आहे. म्हणून ज्याच्या संचिकेत केवळ निकटची चित्रे आहेत त्याने आपल्या कामावर स्वतःच अन्याय केला आहे असे म्हणावे लागते. निदान एक चित्र प्रेक्षकाच्या आसनावरून, प्रयोगाच्याच प्रकाशात घेतलेले असले पाहिजे, मग त्यात चेहरा नीट दिसो वा न दिसो.

चित्रपटाच्या वेषकाराची स्थिती याहून वेगळी आहे, कारण तेथे कॅमेरा हाच प्रेक्षक असतो. भानू अथैया (१९२९–२०२०) यांचे कार्य या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या अथैया यांनी ‘सी. आय. डी.’ (१९५६) पासून ‘लगान’ (२००१) आणि त्यानंतरही हिंदी चित्रपटांसाठी वेषभूषा केली, आणि ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पुरस्कार मिळविला. चित्रपटासाठी केलेला पोषाख निर्मात्याच्या मालकीचा होतो आणि काम संपल्यावर पुष्कळदा भाड्याच्या कपड्यांत मिसळून जातो. म्हणून रेखाटने आणि स्थिरचित्रे हीच वेषकाराची मिळकत. २०१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे वेषभूषाविषयक इंग्रजी पुस्तक म्हणजे एका अर्थाने अर्धशतकाचा पोर्टफोलिओच होय. अशा पुस्तकाचे मोल चित्रांच्या झगमगाटाने वाढत नाही. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या हाताने काढलेले रेखाटन जेव्हा पडद्यावरील रूपाशेजारी येते, तेव्हा विचार आणि सिद्धी यांतील अंतर वाचकाला मोजता येते. ‘आम्रपाली’ (१९६६) मधील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेल्या वेषांचे उदाहरण घ्यावे. केवळ वैजयंतीमालेचे स्थिरचित्र पाहून ‘सुंदर’ एवढेच म्हणता येते. भित्तिचित्र, रेखाटन आणि स्थिरचित्र अशी तिन्ही एकत्र ठेवली की अजिंठ्यातून काय घेतले, काय टाकले आणि आधुनिक नटीच्या हालचालीसाठी काय बदलले, हे दिसू लागते, आणि तेथेच समीक्षेला आरंभ होतो.

‘गांधी’च्या वेषभूषेची गोष्ट याहूनही बिकट आहे, कारण तेथील यश दिसू न देण्यातच आहे. खादी पांढरी म्हटली तरी ती एकसारखी पांढरी नसते : कोरी खादी पिवळसर, अनेकदा धुतलेली वेगळी, घामाने व धुळीने मळलेली आणखी वेगळी. हे भेद कॅमेऱ्याला सहज सापडत नाहीत. प्रकाशमापक यंत्र समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे असे गृहीत धरते. त्याच्या सांगण्याप्रमाणे चित्र घेतले तर खादी मळकट येते, आणि धसमुसळेपणाने प्रकाश वाढविला तर सूत, गाठी, विण सर्व नाहीसे होऊन पांढरा कागद उरतो. या दोहोंच्या मधली जागा शोधणे हे छायाचित्रकाराचे काम. पण ती शोधावयाची आहे हे त्याला सांगणे वेषकाराचे काम आहे. जीर्ण वस्त्राचेही तसेच. ‘एकच प्याला’ (१९१९) मधील दारिद्र्याने गांजलेली, जात्यावर दळणारी सिंधू असो की चित्रपटातील सत्याग्रही असो, वस्त्र जुने दाखविण्यासाठी ते धुवावे, घासावे, उन्हात टाकावे, ठिगळ योग्य जागी लावावे लागते, आणि हे नव्या वस्त्राइतकेच कष्टाचे हस्तकौशल्य आहे. एकुलत्या एका छायाचित्रात ही साधना आणि निव्वळ हेळसांड यांत भेद करता येत नाही. त्यासाठी त्याच कापडाचे आधीचे आणि नंतरचे अशी दोन चित्रे हवीत. नवोदित वेषकार ‘आधीचे’ चित्र काढून ठेवण्यास विसरतात, आणि मग सांगण्यासारखे काही उरत नाही.

मोलो आणि अथैया यांच्या संयुक्त पुरस्कारातून आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. मोलो हे लष्करी गणवेशांचे जाणकार, तर भारतीय पात्रांचे पोषाख ही अथैया यांची बाजू. शिपाई आणि जमाव एकाच चौकटीत आलेले स्थिरचित्र कोणाच्या संचिकेत शोभेल? दोघांच्याही, परंतु प्रत्येकाने आपला वाटा शब्दांनी सांगितला तरच. छायाचित्र श्रमविभाग दाखवू शकत नाही. विद्यार्थ्यांच्या नाट्यप्रयोगांत तर एका पोषाखावर पाचसहा हात फिरलेले असतात. त्या सर्वांच्या संचिकांत तेच चित्र, तेच श्रेय घेऊन वावरताना आढळते.

भारतीय वस्त्रांच्या बाबतीत काही गोष्टी स्वतंत्रपणे सांगाव्या लागतात. पैठणीचे काम असे असते की नक्षी उलट बाजूनेही जवळजवळ सुलट बाजूसारखीच दिसते. हातमागावरील खऱ्या विणकामाची ती खूण आहे. तेव्हा पदराची उलट बाजू दाखविणारे छोटेसे चित्र दहा मोहक चित्रांपेक्षा अधिक सांगते. शिवलेल्या पोषाखातही तसेच. आतली शिवण, अस्तर, दाब, पुढे सैल करता यावे म्हणून सोडलेली माया, या गोष्टी जाणकार परीक्षक आधी पाहतो, आणि संचिकेत नेमक्या त्याच नसतात. धूपछाव वस्त्रात ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. त्याचा रंग पाहणाऱ्याच्या कोनाप्रमाणे बदलतो. स्थिर चित्राने तो पकडावयाचा तर एकाच घडीची दोन कोनांतून दोन चित्रे घेण्यावाचून गत्यंतर नाही.

जर ही छायाचित्रकाराची सर्वांत अवघड परीक्षा. समोरून दिवा चमकविला की जरीचे ठिपके पेटून उठतात आणि भोवतालचे रेशीम काळवंडते. काच, पाणी यांवरील चकाकी कमी करणारी ध्रुवणकाच भिंगावर लावल्यास ही चकाकी जाईल असे पुष्कळांना वाटते. परंतु धातूवरून परतलेल्या प्रकाशावर ती एकटी फारशी चालत नाही, आणि चांगली जर म्हणजे धातूच होय. येथे मोठ्या पांढऱ्या पडद्यातून गाळलेला, पसरट प्रकाश हवा. भरतकामासाठी मात्र याच्या नेमके उलट. टाक्यांची उठावदार वीण दिसावी तर प्रकाश बाजूने, कापडाला जवळजवळ समांतर यावा लागतो. एकाच शेल्यावर जर आणि भरतकाम दोन्ही असले म्हणजे एका प्रकाशात दोघांना न्याय देण्याचा अट्टाहास सोडावा हेच शहाणपणाचे.

आजच्या अंकीय कॅमेऱ्याने रंगाचा जुना प्रश्न सोडविला असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गडद, तेजस्वी तांबड्या वस्त्राचे चित्र घेताना तांबड्या प्रकाशाची नोंद आपल्या कमाल मर्यादेला लवकर पोचते, आणि त्या मर्यादेपलीकडे विणीचा, चुण्यांचा सारा भेद सपाट होतो. शंभर वर्षांपूर्वी तांबडा शालू काळा होऊन हरवत असे. आज तो तांबडाच राहतो, पण निव्वळ तांबड्या कागदासारखा. शिवाय पांढऱ्या रंगाचा समतोल यंत्रावर सोपविला तर सभोवतालच्या भिंतीप्रमाणे शालूचा रंग चित्रागणिक बदलतो. चौकटीच्या कडेला एक करडा पत्रा व रंगपट्टी धरून निदान एक चित्र घेणे ही संग्रहालयांतील नेहमीची रीत वेषकारांनी का उचलू नये, याचे समर्थनीय कारण दिसत नाही. मधल्या काळातील रंगीत फिल्मवरही फार भिस्त ठेवता येत नाही. १९५० नंतरच्या अनेक फिल्मप्रतींतील निळसर रंगद्रव्य आधी फिके पडते आणि सारे चित्र गुलाबी होते, हे चित्रपटांचे जतन करणाऱ्यांना ठाऊक आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र घ्यावा लागतो तो टाचण्यांवर. पोषाख पुतळ्यावर किंवा व्यक्तीवर घालून मागून टाचण्या व चिमटे लावून तो अंगाबरोबर बसविणे आणि पुढून चित्र घेणे, ही पद्धत व्यापारी छायाचित्रणात रूढ आहे. जाहिरातीत ती क्षम्य मानता येईल. परंतु जो मनुष्य ‘मी बेतून शिवतो’ असे सांगून काम मागतो त्याच्या बाबतीत अंगाबरोबर बसणे हीच त्याची विद्या. ती टाचण्यांनी सिद्ध केली तर पुरावाच खोटा ठरतो. संगणकावर शिवणीचा बाक सरळ करणे याच जातीचे. पार्श्वभूमीतील धूळ पुसणे वेगळे आणि शिवण पुसणे वेगळे. पुतळा की जिवंत देह, या वादातही एकच एक नियम सांगता येत नाही. संग्रहालये जुनी वस्त्रे जिवंत माणसाच्या अंगावर चढवू देत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण त्यांचे पहिले कर्तव्य जतन हे आहे. नव्या नाट्यवेषाचे तसे नाही. तो बसतो कसा, धावतो कसा, काष्टा तिसऱ्या अंकापर्यंत टिकतो का, हे पुतळा कधीच सांगणार नाही.

शेवटी कायद्याकडे पाहिले पाहिजे, कारण या विषयातील बरीच हानी सौंदर्यदृष्टीच्या अभावाने नव्हे तर अनभिज्ञतेने होते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले, तर विरुद्ध करार नसल्यास त्याचा प्रथम मालक तो काढवून घेणारा ठरतो. नाटकाची छायाचित्रे बहुधा निर्माता काढवून घेतो. म्हणजे पोषाख निर्मात्याचा, छायाचित्रही निर्मात्याचे, आणि चित्राखाली नाव नटाचे. ज्याने कापड निवडले, रंगविले, बेतले व शिवले त्याच्याकडे स्वतःच्या कामाची एक प्रत वापरण्याचाही निर्विवाद अधिकार राहत नाही. काम स्वीकारताना केलेल्या करारात प्रतीचा आणि नावाचा उल्लेख दोन ओळींत करून घेता येतो. तो केला जात नाही, आणि नाट्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमांतही त्याला क्वचितच जागा मिळते. जुन्या स्टुडिओचित्रांच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले असे, नटाचे व भूमिकेचे नाव कोणीतरी शाईने लिहून ठेवी. शिंप्याच्या नावासाठी त्या पुठ्ठ्यावर जागा पुष्कळ होती.